आठवा स्वार आणि सातबारा

नेसरीच्या खिंडीत एकच आकडा चालतो, सात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथे बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातांतला एकही परतला नाही, ही हकिगत गडहिंग्लज तालुक्यातल्या पोराला पाढ्यांच्याही आधी कळते. पुढे कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने तो आकडा महाराष्ट्रभर नेला. स्मारकापाशी आलं की सहलीची दंगेखोर पोरंसुद्धा क्षणभर गप्प होतात.

समजा, एका लेखकाच्या डोक्यात विनोदी विज्ञान-कादंबरी घोळते आहे आणि तिच्यासाठी त्याने नेमकी हीच खिंड निवडली. हिंजवडीतला एक संगणक अभियंता बिघडलेल्या कालयंत्रातून त्या दिवशी खिंडीत येऊन आपटतो आणि गडबडीत आठवा स्वार म्हणून घोड्यावर बसवला जातो. चहाच्या टपरीवर चार मित्रांना सांगायला कल्पना झकास आहे. लिहायला बसल्यावर पहिल्या प्रकरणात बर्म्युडा घातलेला स्वार येतो, दुसऱ्यात घोडा उधळतो, तिसऱ्यात मोबाइलला रेंज नाही म्हणून हात वर करून फिरणं होतं आणि चौथ्यात वाचक पुस्तक मिटून पंखा वाढवायला उठतो.

‘भावना दुखावल्या’ हे यावरचं तयार उत्तर, पण ते अपुरं आहे. वाचक रागावला असता तर निदान राग काढण्यासाठी तरी पुढे वाचत राहिला असता. तो कंटाळला. या जगात काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हेच त्याला कळेना. जे यंत्र अभियंत्याला इथे आणतं ते त्याला परतही नेणार, म्हणजे त्याच्या जिवाला घोर नाही. सात जण पडणार हे ठरलेलं आहे. तो त्यांना वाचवायला गेला तर इतिहास मोडतो, न गेला तर तो आलाच कशाला हा प्रश्न उरतो. लेखकाने अद्भुत आणलं, पण त्याला वेसण घातली नाही. वेसण नसलेला बैल पाहून कुणी हसत नाही, लोक बाजूला होतात.

विनोद हा नियमावर जगणारा प्राणी आहे. रांगेत घुसणारा माणूस हास्यास्पद ठरतो तो रांग आहे म्हणून. पंगतीत आपली पाळी आली की जिलबीचा वाढपी नेमका पलीकडच्या ओळीकडे वळतो, याचं हसू येतं ते पंगतीचा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो म्हणून. विज्ञानकथेचा धंदा याच्या उलट. ती वाचकाच्या पायाखालचा नियमच काढून घेते. गुरुत्वाकर्षण निम्मं करते, काळ मागे वाहवते, जिवंत माणसाची हुबेहूब प्रत काढते. हे दोन्ही धंदे एकाच दुकानात चालवायचे म्हणजे एका हाताने जमीन काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच जमिनीवर केळ्याची साल टाकायची. साल टाकण्यापुरती तरी जमीन जो लेखक शिल्लक ठेवतो, त्याचा विनोद लागतो. बाकीच्यांचा पडतो.

हे गणित फार स्वच्छ सुटलं ते डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकाच्या हातून. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ८ मार्च १९७८ पासून आधी बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून ऐकवली गेली आणि १९७९ मध्ये कादंबरी होऊन आली. कथेच्या आरंभी आर्थर डेंट या साध्या माणसाचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर आला आहे. आराखडा म्हणे रीतसर प्रदर्शित केला होता. कुठे, तर कार्यालयाच्या अंधाऱ्या तळघरात, वापरात नसलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी. घराचा वाद मिटायच्या आत व्होगॉन नावाचे परग्रहवासी अख्खी पृथ्वीच पाडायला येतात, तेही अंतराळातल्या बायपाससाठी. त्यांचंही म्हणणं तेच असतं. नकाशे चार प्रकाशवर्षं दूरच्या अल्फा सेंटॉरीवरच्या कार्यालयात पन्नास वर्षं लावलेले होते, आता ओरडून काय उपयोग?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात प्रसिद्ध करायची आणि त्यापुढे ६० दिवसांत हरकत नोंदवायची, अशी तरतूद आहे. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाला या जिल्ह्यातून कडाडून विरोध झाला. गट नंबर, मोजणी, हरकत, बाधित क्षेत्र हे शब्द इथल्या शेतकऱ्याला पाठ आहेत. ज्याने एकदा तरी फलकावरच्या बारीक अक्षरांत आपला गट नंबर बोट फिरवत शोधला आहे, तो व्होगॉनला पाहताक्षणी ओळखतो. व्होगॉन दिसायला ओंगळ आहेत, त्यांच्या कविता भयंकर आहेत, हे सगळं मागाहून. आधी ते कारकून आहेत. ॲडम्सने विश्व कितीही ताणलं तरी कार्यालयाचा नियम ढळू दिला नाही, आणि हसू त्या न ढळलेल्या नियमाचं आहे.

त्याच कादंबरीतल्या बेचाळीस या आकड्याची गोष्टही अशीच. जीवन, विश्व आणि एकूण सगळ्याचं अंतिम उत्तर काढायला ‘डीप थॉट’ हा महासंगणक ७५ लाख वर्षं घेतो आणि सांगतो, बेचाळीस. प्रश्न नीट विचारलाच नव्हता, हे मागून लक्षात येतं. या आकड्यामागे काय गूढ दडलं आहे, यावर वाचकांनी पुढे बरीच डोकेफोड केली. आपल्याला एक साधा, लहानसा आकडा हवा होता, एवढंच ॲडम्सने नंतर सांगितलं. बेचाळीसच्या मागे कुणी उभं नाही, म्हणून तो विनोदाच्या कामाचा. नेसरीतल्या सातच्या मागे सात माणसं उभी आहेत. त्यांना विनोदाच्या कामाला जुंपू पाहणाऱ्या लेखकाची पहिली चूक आकडा निवडतानाच होते.

ॲडम्सचाही विनोद सगळीकडे लागत नाही, आणि तो कुठे पडतो हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे. त्याच्या परग्रहावरच्या पात्राचं नाव फोर्ड प्रीफेक्ट. ते इंग्लंडमधल्या एका जुन्या मोटारीचं नाव होतं. पृथ्वीवर मोटारीच राज्य करतात असा समज करून घेऊन गड्याने चारचौघांत खपून जाईल असं नाव घेतलं. ज्या देशात ती गाडी कुणी पाहिलीच नाही, तिथे हा विनोद निमूटपणे निघून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. तोच पाहुणा गडहिंग्लजच्या बसस्टँडवर उतरून गंभीर चेहऱ्याने आपलं नाव ‘बजाज चेतक पाटील’ सांगू लागला, तर गोष्ट कळायला क्षणही लागणार नाही. पोलंडच्या स्तानिस्वाफ लेम याच्या १९६५ मधल्या ‘सायबेरियाड’ या यंत्रमानवांच्या विनोदी कथांचं मायकेल कँडेल याने १९७४ मध्ये इंग्रजी केलं, तेव्हा शब्दांचे खेळ त्याला जवळजवळ नव्याने मांडावे लागले होते. विनोदाचं सामान सीमेपलीकडे नेताना पेटी तशीच पोचते, आतलं मात्र तिथल्या बाजारातून पुन्हा भरावं लागतं.

दुसरी पडझड नकलेची. ॲडम्स २००१ मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी गेला. २००९ मध्ये त्याच्या पत्नीच्या संमतीने ओइन कोल्फर या नावाजलेल्या आयरिश लेखकाने त्या मालिकेचं सहावं पुस्तक लिहिलं. पात्रं तीच, विक्षिप्त नावं तशीच, मध्येच ‘गाइड’मधल्या नोंदी तशाच. सगळं जागेवर असूनही पुष्कळ वाचकांना ते पुस्तक दुसऱ्याच्या मापाच्या शेरवानीसारखं वाटलं. ॲडम्सच्या विषयांतरामागे एक चिडलेला, हुशार माणूस होता. त्याला नोकरशाहीचा, जाहिरातींचा, स्वतःच्या आळसाचाही राग येत असे. नकलेत विषयांतर तेवढं येतं. राग उसना मिळत नाही.

आता कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. विनोदी विज्ञान-कादंबरीला लागणारा सगळा शिधा या एका जिल्ह्याच्या कोठारात आहे. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा देणारे जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले. जेम्स बाँडचा अस्सल मराठी ‘जनू बांडे’ करून टाकणारे रमेश मंत्री कोल्हापूरचे, आणि १९९२ मध्ये साहित्य संमेलन कोल्हापुरात भरलं तेव्हा अध्यक्षही तेच. गावच्या पुढाऱ्याची, पाटलाची, नाटकवेड्या तरुणांची फजिती ज्यांच्या तोंडून ऐकायला सभागृहं भरत, ते शंकर पाटील पट्टणकोडोलीचे. नेसरीच्या शेजारच्या तालुक्यांत चंदगडकडचं कोवाड हे ‘स्वामी’कार रणजित देसाईंचं गाव आणि आजरा हे ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचं. विज्ञान आहे, विडंबन आहे, बोली आहे, इतिहास आहे. चूल मात्र प्रत्येकाची वेगळी राहिली.

नारळीकरांच्या विनोदाकडे वाचकांचं थोडं दुर्लक्षच झालं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव बनवलं होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. आद्याक्षरं उलटी करण्याचा हा खोडकरपणा पुढे कथांतही उतरला. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये माणसाचं डावं-उजवं अदलाबदल होतं, आणि हा गणिती चमत्कार दोन ठिकाणी दिसतो, क्रिकेटच्या मैदानावर आणि गणपतीच्या सोंडेत. डावी-उजवी सोंड, उजव्या सोंडेचं कडक सोवळं, गोलंदाजाचा हात, हे मराठी घरात कुणालाही शिकवावं लागत नाही. भूमितीतली अवघड कल्पना त्या ओळखीच्या जमिनीवर उभी राहते.

गंमत अशी की ॲडम्सनेही क्रिकेटच घेतलं होतं. ‘डॉक्टर हू’ या मालिकेसाठी लिहिलेल्या आणि तिथे न वापरल्या गेलेल्या कथेतून त्याने १९८२ ची तिसरी कादंबरी उभी केली. तिच्यात क्रिकेट म्हणजे एका भीषण आकाशगंगीय युद्धाची पुसट आठवण असते आणि लॉर्ड्सवर यंत्रमानव उतरून ॲशेस पळवतात. ज्या अमेरिकी वाचकाला यष्टी आणि बेल्स ठाऊक नाहीत, तो इथे बाहेर बसून राहतो. नेसरीतला वाचक आत असतो, पण तोही पुढे थकतो. पांढऱ्या कपड्यांतले यंत्रमानव हा एका पानाचा विनोद आहे. त्यावर जगबुडीचं कथानक टांगलं की खिळा वाकतो.

नारळीकरांचा सगळ्यांत पक्का विनोद ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १७६१ मध्ये विश्वासरावाला गोळी लागली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. विषय नेसरीच्या खिंडीइतकाच नाजूक. पण लेखक रणांगणावर एकही कोटी करत नाही. तो पंतांना मुंबईच्या ग्रंथालयात बसवतो, त्यांच्याच नावावरची इतिहासाची पुस्तकं त्यांना वाचायला लावतो आणि मग आझाद मैदानावर नेतो. तिथे व्याख्यान चालू आहे आणि मंचावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी! शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला हे बघवत नाही. पंत तडक जाऊन खुर्चीत बसतात आणि बोलू लागतात. त्या जगातल्या लोकांनी मात्र अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार हे सगळं कधीच बंद केलेलं असतं. मग टोमॅटो आणि अंडी.

लेखक काय करतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. पानिपतचा निकाल फिरवण्याएवढी मोठी उलथापालथ त्याने केली, पण पंतांचा स्वभाव तसूभरही हलवला नाही. महाराष्ट्रात सभा म्हटली की अध्यक्ष, हार, नारळ, ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ आणि त्यानंतरचा तास. हा नियम वाचकाच्या हाडीमाशी आहे. तो मोडलेलं जग हीच खरी विज्ञानकल्पना वाटू लागते. पानिपत जिंकलेला महाराष्ट्र कल्पनेत आणता येतो, अध्यक्ष नसलेली सभा आणवत नाही. नियतीने या कथेला एक उत्तरकथाही जोडली. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकर निवडले गेले आणि प्रकृतीमुळे त्यांना तिथे प्रत्यक्ष जाता आलं नाही.

असं असताना मराठीत विनोदी विज्ञानकथा तुरळक आणि कादंबरी त्याहून विरळ का? एक कारण बाजाराच्या मांडणीत आहे. अनंत अंतरकर या एकाच संपादकाने ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही तीन मासिकं चालवली. वाङ्मयीन ते ‘हंस’मध्ये, विनोदी ते ‘मोहिनी’त, अद्भुत आणि चक्रावणारं ते ‘नवल’मध्ये. एका छपराखाली तीन खोल्या, आणि दारं आतून बंद. दिवाळी अंकांनी ही वाटणी आणखी पक्की केली. हसायचं तर ‘आवाज’ आणि ‘जत्रा’, गूढ वाचायचं तर ‘धनंजय’. ‘आवाज’च्या खिडकीचित्रात पान उलटलं की चावट वाटणारं चित्र निरागस निघे. त्या अंकात अंतराळयान आलंच तर तेही खिडकीपुरतं. दिवाळीच्या गर्दीत ज्या कथेला कप्पा नाही, ती लिहिणाऱ्यालाही नीट दिसत नाही.

दुसरं कारण जास्त आदरणीय आणि म्हणूनच जास्त अडचणीचं आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती प्रबोधनाच्या अंगणात. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या स्पर्धांनी लेखकांच्या पिढ्या घडवल्या. त्या लेखकांना विज्ञान सांगायचं होतं, अंधश्रद्धेवर बोट ठेवायचं होतं. त्यातून एक साचा तयार झाला. डॉक्टर नावाचा एक जाणकार आणि त्याला योग्य जागी ‘म्हणजे काय?’ विचारणारा एक अजाण. डॉक्टर समजावतो, अजाण चकित होतो. ज्ञान देण्याला हा साचा ठीक आहे, विनोदाला घातक. समजावून सांगितलेला विनोद हा शवविच्छेदन झालेल्या बेडकासारखा, त्याला उडी मारता येत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. कृष्णविवर, प्रकाशवर्ष, अवकाशयान, यंत्रमानव हे शब्द देखणे आहेत, पण ते सोवळ्यात आहेत. विनोद ओवळ्यात वावरतो. भा. रा. भागवतांना हे उमगलं होतं. ज्यूल व्हर्नची धूमकेतूवरची सफर मराठीत आणताना त्यांनी नाव दिलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. आजीच्या तोंडचा शब्द घेतला आणि त्याला पत्त्यातला ‘मुक्काम’ जोडला, की अंतराळात लगेच एक पोस्ट ऑफिस उभं राहिलं. जग ‘उडती तबकडी’ म्हणत असताना त्यांनी आपल्या कादंबरीला ‘उडती छबकडी’ म्हटलं. एका अक्षराने परग्रहाची भीती गेली. लेखकाने वाचकाला दोन शब्दांत सांगितलं, की इथे घाबरायचं कारण नाही, पण डोळे उघडे ठेवा.

उलट बाजूने पाहायचं तर ‘यानाच्या प्रणोदन प्रणालीत तांत्रिक बिघाड उद्भवला’ हे वाक्य कितीही हलवलं तरी त्यातून हसू सांडणार नाही. तेच यान कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ऑइल इंजिनांवर आणि पंपांवर हयात गेलेल्या फिटरच्या दारात नेऊन उभं करावं. फिटर हात पुसत येतो, भोवती एक चक्कर मारतो आणि जगातला प्रत्येक फिटर पहिल्यांदा जे विचारतो तेच विचारतो, ‘आधी कुणी खोललंय हे?’ कालयंत्राचा मालक खाली मान घालून सांगतो, ‘तुम्हीच. पुढच्या मंगळवारी.’ इथे दोन नियम एकमेकांना भिडले. कालप्रवासाचा नियम पुस्तकातला, फिटरचा नियम रस्त्यावरचा. दोन्ही पाळले म्हणून विनोद जमला. फिटरला फेटा बांधून विदूषक केलं असतं, किंवा यंत्राला ‘टणाटण्या’ असं काही नाव दिलं असतं, तर लेखक हसला असता आणि वाचक थांबला असता. विचित्र नाव आणि विचित्र पोशाख म्हणजे नवल. नवल पाहून डोळे मोठे होतात, हसायला वेगळं काहीतरी लागतं.

मराठीला हे शिकण्यासाठी परदेशी जायची गरजही नव्हती. तमाशाच्या फडावर स्वर्ग-पृथ्वीची ये-जा बैलगाडीइतकी सोपी होती. ‘गाढवाचं लग्न’ या वगात इंद्रदरबारातला शापित गंधर्व गाढव होऊन सावळ्या कुंभाराच्या घरी येतो. गाढव माणसासारखं बोलतं, यात प्रेक्षकाला अडचण नसते, कारण शाप आणि उःशाप यांचे नियम पक्के आहेत. सावळ्याच्या घरातले नियमही तितकेच पक्के आहेत. गंधर्व असला म्हणून काय झालं, गाढवाने ओझं वाहायला हवं. शास्त्रज्ञाच्या जागी इंद्र बसवला तर वगाचा सांगाडा आणि चांगल्या विनोदी विज्ञानकथेचा सांगाडा यांत फार फरक राहत नाही. फरक पडला तो प्रतिष्ठेत. विज्ञानकथेच्या लेखकाने फडाकडे पाहिलं नाही आणि फडाला प्रयोगशाळेशी काही देणंघेणं नव्हतं.

बंगालीत ही भिंत एका घराण्याने ओलांडली. सुकुमार राय यांनी शोधप्रवासांच्या कथांची थट्टा करणारी ‘हेशोराम हुशियारेर डायरी’ लिहिली होती. त्यांचे पुत्र सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये ‘संदेश’ मासिकात प्रोफेसर शंकूची पहिली डायरी लिहिली ती त्याच थट्टेच्या सुरात. शिंका आणणारी बंदूक घेऊन शंकू मंगळावर निघतो, सोबत नोकर प्रल्हाद, मांजर न्यूटन आणि यंत्रमानव बिधुशेखर. पुढच्या कथांत शंकू गंभीर होत गेला, जगभर परिषदांना जाऊ लागला आणि थट्टा मागे राहिली. नायकाला प्रतिष्ठा आली की त्याची फजिती करायला लेखकाचा हात धजत नाही, ही अडचण बंगालीलाही चुकली नाही.

कादंबरीच्या लांबीचाही प्रश्न आहे. कथेला एक उलटी सोंड पुरते. अडीचशे पानांना माणसं लागतात. ॲडम्सचं लेखन अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेडिओ भागांतून आलं, म्हणून प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र दम आहे, आणि म्हणूनच सलग वाचताना मध्ये धापही लागते. त्यातला मार्विन हा कायम खिन्न असणारा यंत्रमानव लक्षात राहतो, कारण त्याची खिन्नता अढळ आहे. ग्रह बदलो, काळ बदलो, तो कुरकुरणारच. प्रत्येक चाळीत, प्रत्येक भावकीत असा एक माणूस असतो. उपकरणांवरचे विनोद मात्र दूध नासावं तसे नासतात. ॲडम्सने मनगटावरच्या डिजिटल घड्याळांची टर उडवली होती. आज ते घड्याळच जुन्या वस्तूंत जमा झालं आहे आणि टीप दिल्याशिवाय टर कळत नाही. घरकाम करणारा यंत्रमानव आणि बायको यांच्या तुलनेवरचे विनोद त्याहून वाईट शिळे झाले. यंत्र जुनं झालं हे त्यातलं लहान कारण. बायको ही जात हास्यास्पद आहे, हा ज्या नियमावर तो विनोद उभा होता, तो नियमच वाचकाने टाकून दिला. नियम गेला की त्यावरचं हसूही जातं, मग तो नियम गुरुत्वाकर्षणाचा असो वा घरातला.

तेव्हा खिंडीतल्या आठव्या स्वाराची कादंबरी लिहायचीच असेल तर तिचं तोंड फिरवावं लागेल. वर्तमानातला माणूस तिकडे पाठवण्याऐवजी तिकडचा माणूस इकडे यायला हवा. सात या आकड्याला हात न लावता शेजारच्या सातबाऱ्याला हात घालायला हवा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, गाव नमुना बारा म्हणजे पीक कोणतं. बंगळूरहून, दुबईहून सुट्टीला आलेला माणूसही गावी उतरला की आधी त्याचीच चौकशी करतो. कालप्रवासाचे नियम वाचकाला एकदा सांगावे लागतील, फेरफाराचे सांगावे लागणार नाहीत.

मग असं करता येईल. खिंडीकडे निघालेला एक स्वार कालौघातल्या कसल्याशा भोवऱ्यात सापडतो आणि सकाळी निघालेला गडी दुपारी आजच्या एका सरकारी कार्यालयात पोचतो. अंगावर धूळ, हातात लगाम, घोडा बाहेर पार्किंगमध्ये. त्याचं मागणं एकच. आपणही निघालो होतो, तेव्हा नोंदीत सातांच्या खाली आठवं नाव चढवावं. टेबलामागचे साहेब अर्ज उलटासुलटा करतात, आधारची झेरॉक्स जोडलेली नाही हे बॉलपेनने दाखवतात आणि सांगतात, की नाव वाढवायचं तर आधीच्या सातही जणांची लेखी संमती लागेल. स्वार बराच वेळ काही बोलत नाही. पंखा फिरत राहतो. मग तो हळूच म्हणतो, ‘त्यांना मी आज सकाळीच भेटलो होतो.’

साहेब मान वर न करता विचारतात, ‘मग सह्या तेव्हाच का नाही घेतल्या?’